दहा मिनिटांचा पेपर

शनिवारी सकाळी नऊ ते अकरा ‘ओपन डे’ आहे, पालकांनी चाचणीचे पेपर पाहून सही करावी, मोबाइल पर्समध्येच ठेवावा, असा निरोप शाळेकडून शुक्रवारीच आला होता. नाशिकच्या एका पतपेढीत काम करणाऱ्या त्या आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कुकर उतरवला आणि रिक्षा पकडून शाळा गाठली. तिसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून ती बसली तेव्हा आधी आलेल्या दहाबारा आया माना खाली घालून पेपर चाळत होत्या. बाई नाव पुकारत, पेपर हातात देत आणि म्हणत, “दहा मिनिटांत बघून घ्या हं, बाहेर रांग आहे.”

मार्क तिला ठाऊक होतेच. गणितात वीसपैकी आठ. बुधवारी ते कळले आणि घरात त्यावरून रामायण झाले होते. वडिलांनी धाकट्याची बॅट कपाटावर ठेवून दिली होती. “गणितात लक्ष लागलं की मिळेल परत,” असे त्यांनी बजावले. आईनेही मागे न राहता ‘कामचुकार’ हा शब्द वापरला होता. धाकटा काहीच बोलला नाही. तो बोलत नाही म्हणजे त्याने चूक कबूल केली, असे दोघांनीही धरून चालले.

आता पेपर समोर होता. पहिले पान बेरजांचे. सगळ्या बरोबर, हातच्याच्यासुद्धा! मग वजाबाक्या. ८६ वजा ३४, उत्तर ५२, बरोबर. त्याखाली ५२ वजा २७, उत्तर ३५. लाल फुली. ४०३ वजा १५८, उत्तर ३५५. फुली. ६४० वजा ३७६, उत्तर ३३६. पुन्हा फुली. शेवटी शाब्दिक उदाहरण होते. दुकानदाराला शंभराची नोट दिली, ६४ रुपयांचे सामान घेतले, तर किती रुपये परत मिळतील? धाकट्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, १६४ रुपये. त्यावरची फुली इतरांहून मोठी होती आणि पुढे उद्‌गारचिन्हही होते.

शेजारच्या बाईंनी वाकून पाहिले आणि त्यांना हसू आवरले नाही. “असा दुकानदार आम्हालाही दाखवा!”

आईलाही हसू आले असते. पण पतपेढीत पंधरा वर्षे कॅशबुक जुळवलेल्या माणसाची नजर वेगळी असते. संध्याकाळी ताळा जमला नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर कोणीतरी कुठेतरी आकडे उलटे लिहिले असावेत, अशी शंका तिला आधी येते. ४५ च्या जागी ५४. एखादी चूक झाली तर माणूस चुकला. तीच चूक ओळीने आली तर पद्धतीत काहीतरी आहे. तिने पुन्हा वरपासून पाहिले. दोन आणि सात, लिहिले पाच. तीन आणि आठ, पुन्हा पाच. शून्य आणि सहा, सहा. वरचा आकडा लहान असला की हा खालच्यातून वरचा वजा करतो आहे! शंभराच्या नोटेतही तेच. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य, मग सहातून शून्य, आणि पुढचा एक तसाच खाली. झाले १६४. बारा मार्क गेले होते, पण चुका बारा नव्हत्या. चूक एकच होती, आणि ती त्याने मोठ्या इमानाने प्रत्येक ठिकाणी केली होती.

ही चूक काही या एकाच मुलाची नव्हे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर लेख लिहिला, त्यात अशा ठरावीक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या चुकांची बरीच उदाहरणे होती. ‘मोठ्यातून लहान’ ही त्यांतली अगदी नेहमीची. मूल आळशीपणाने चुकत नसते, ते एक नियमच पाळत असते. नियम तेवढा चुकीचा असतो. मात्र तो नियम ‘वीसपैकी आठ’ या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी पेपरच पाहावा लागतो, तोही जरा निवांत.

“बाई, हा पेपर सोमवारपर्यंत घरी नेऊ का?” तिने विचारले.

“नाही हो ताई. पेपर शाळेतच ठेवायचे असतात.”

“मग एक फोटो?”

बाईंनी मान हलवली. कारणही त्यांनी सांगितले, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. मागे एकदा घरी दिलेल्या पेपरात कोणीतरी राहिलेले उत्तर पेन्सिलीने भरून आणले आणि ‘तपासायचे राहिले’ म्हणून वाद घातला. दुसऱ्या एका पालकाने दोन मुलांच्या पेपरांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून सगळ्या ग्रुपवर टाकले. एकाला अर्धा मार्क जास्त का? छप्पन्न मुलांचे पेपर रात्री जागून तपासायचे आणि अर्ध्या मार्कासाठी चारचौघांत पंचनामा करून घ्यायचा, हे कोणाला आवडेल?

खरे सांगायचे तर त्या वर्गात त्या सकाळी बहुतेक पालक उत्तरे पाहतच नव्हते. पेपर हातात आला की आधी बेरीज तपासायची, मग ‘हायेस्ट किती?’ विचारायचे, मग सही. दहा मिनिटेही लागत नव्हती. शाळेने पेपर हातातून सोडला नाही याला पालकांचा हा गुण काही अंशी कारणीभूत आहेच.

तिने वाद घातला नाही. पर्समधून किराण्याची पावती काढली आणि तिच्या पाठीवर पाच गणिते उत्तरांसकट उतरवून घेतली. बाईंनी पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

परतताना रिक्षात तिला थोरलीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी थोरलीला बारावीत रसायनशास्त्रात अपेक्षेहून बरेच कमी मार्क पडले, तेव्हा तिने राज्य मंडळाकडे अर्ज केला, शुल्क भरले, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत तिच्या हातात आली. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, असा मंडळाचा नियमच आहे. त्या प्रतीवर आठवडाभर घरात खल झाला. कॉलेजच्या सरांना दाखवली, शिकवणीच्या सरांना दाखवली. अखेर मार्क बरोबरच आहेत असे निघाले आणि थोरलीने स्वतःच पुनर्मूल्यांकनाचा विचार सोडून दिला. पण कुठे घसरलो हे तिला कळले. बारावीचा पेपर घरच्या टेबलावर आठवडाभर राहू शकतो आणि तिसरीच्या चाचणीचा मात्र दहा मिनिटांत परत द्यायचा, हे तिला चमत्कारिक वाटले.

बारावीचा तरी पेपर कुठे सहज हाती आला होता? महाराष्ट्राच्याच मंडळाचे प्रकरण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. उत्तरपत्रिका पाहायला मनाई करणारा मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. परीक्षा घेणाऱ्यांना त्यांचे काम कळते, शिवाय लाखो उत्तरपत्रिका दाखवत बसणे शक्य नाही, असा त्या निकालाचा एकंदर रोख होता. पुढची बरीच वर्षे बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती गुणपत्रिकाच तेवढी पडे. मग २००५ चा माहिती अधिकार कायदा आला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात निर्वाळा दिला, की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल आणि तिची प्रतही मिळेल. परीक्षकाचे नाव झाकून ठेवावे, आणि उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीतच मागणी करावी, एवढ्या अटी. या कायद्यातल्या माहितीच्या अधिकारात कागद पाहणे येते, त्यावरून टिपणे घेणे येते आणि प्रत घेणेही येते. किराण्याच्या पावतीवर उतरवलेली गणिते त्या कायद्याच्या भाषेत ‘टिपणे’च म्हणायची!

अर्थात हा कायदा सार्वजनिक संस्थांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेच्या घटक चाचणीला तो थेट लागू होईलच असे नाही, आणि तिसरीतल्या वजाबाकीसाठी कोण कशाला अर्ज, अपील करत बसेल? तिथे चालते ती शाळेची रीत. काही शाळा पेपर घरी पाठवतात, पालकांची सही घेऊन परत मागवतात. काही शाळा ओपन डेला दाखवतात, आणि काही ठिकाणी तेवढेही नाही, नुसते गुण कळवले जातात.

संध्याकाळी तिने धाकट्याला स्वयंपाकघरात बोलावले. पेपर पाहिल्याचे सांगितले नाही. मेथी निवडता निवडता म्हणाली, “बावन्नातून सत्तावीस गेले तर किती? मोठ्याने बोलत कर बघू.”

त्याने पाटीसारखी वही धरली. “दोनातून सात जात नाहीत.”

“बरोबर. मग?”

“मग सातातून दोन. पाच.”

“असं कोणी सांगितलं?”

“बाईंनीच. मोठ्यातूनच लहान जातो, लहानातून मोठा जात नाही.” आणि मग, आईला एवढेही कसे कळत नाही अशा सुरात, “मग मोठा बघायचा ना कुठला आहे तो!”

बाईंचे वाक्य खरे होते. त्यानंतरचे, शेजारच्या दशकाकडून एक दहा सुटा करून घेण्याचे, त्याच्या कानावरून गेले असावे. त्या आठवड्यात तो तापाने चार दिवस घरी होता, हे तिला तेव्हा आठवले. आळशीपणाचा शोध दोघांनी लावला, पण तापाचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता.

तिने दहाच्या पाच नोटा आणि एकेकाची दोन नाणी ओट्यावर मांडली. “मला सत्तावीस दे.” त्याने दोन नोटा दिल्या, दोन नाणी दिली आणि अडला. पाच कमी पडत होते. थोडा वेळ तो उरलेल्या नोटांकडे पाहत राहिला, मग एक नोट उचलून म्हणाला, “ही सुटी करून दे.” ती सुटी करून देताच त्याने पाच नाणी पुढे सरकवली आणि आपल्यापुढचे मोजले. पंचवीस. वहीतल्या पस्तीसकडे त्याने एकदा पाहिले आणि ते स्वतःच खोडले.

वडील दारात उभे राहून हे ऐकत होते. “अगं, मग १६४ कसे आले म्हणतेस?” त्यांनी विचारले. तिने पावती दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. रात्री जेवणानंतर बॅट कपाटावरून खाली आली, कोणी काही बोलले नाही.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत ती बाईंना जाऊन भेटली. तक्रारीच्या सुरात नव्हे, पावती हातात घेऊन. बाईंनी कपाटातून गठ्ठा काढला, तिच्यासमोरच पेपर उलटले आणि आणखी पाच पेपर बाजूला काढले. पाचही ठिकाणी दोन आणि सात, पाच. “रात्री तपासताना उत्तर बघते आणि फुली मारते हो,” त्या म्हणाल्या. “कसं आलं ते बघायला वेळच होत नाही.” त्या आठवड्यात त्यांनी वर्गात हातच्याची वजाबाकी पुन्हा घेतली. पेपर घरी न्यायचा नियम मात्र मुख्याध्यापकांच्या हातातला, तो आहे तसाच राहिला.

धाकट्याला हे सारे कळायला चार दिवस लागले. शुक्रवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने एकदम विचारले, “आई, तू माझा पेपर पाहिलास ना? शाळेत जाऊन?”

“हो.”

“एकशे चौसष्टचं पण?”

“ते पण.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “बाकीच्यांच्या आयांनी पण पाहिलं का?”

बाकावर वाकलेल्या त्या बाई आणि त्यांचे हसू तिच्या डोळ्यांसमोर आले.

“नाही,” ती म्हणाली, आणि त्याच्या अंगावर चादर ओढली.