गोठलेल्या पावसानंतर

संकट कोसळतें त्या घटकेचीं वर्णनें पुष्कळ वाचावयास मिळतात. पण तें ओसरल्यावर घरांत जी आवराआवर करावी लागते, तिची वार्ता सहसा कोणी लिहीत नाहीं. मनुष्याची खरी परीक्षा मात्र तेथेंच होते, असें आम्हांस वाटतें.

१९९८ च्या जानेवारींत कॅनडांतील मॉन्ट्रियल शहराच्या दक्षिणेस आमचें बिऱ्हाड होतें. त्या महिन्याच्या ५ पासून १० तारखेपर्यंत तेथें जो पाऊस झाला, तो जेथें पडेल तेथें गोठत होता. वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत शून्याखालील थंडी अशी स्थिति झाली, म्हणजे थेंब पाण्याच्याच रूपानें खालीं येतात व तार, फांदी, छप्पर ज्यास स्पर्श करतील त्यास कांचेसारखें वेष्टन घालतात. कांहीं ठिकाणीं असा पाऊस १०० मिलिमीटरपर्यंत पडला. पाहावयास तें दृश्य अति मनोहर. परंतु त्या भारानें विजेचे पोलादी मनोरे वांकून पडले, हजारों लांकडी खांब मोडले आणि कॅनडांतील ४० लाखांहून अधिक लोकांचे दिवे गेले. मदतीस सुमारे १६,००० सैनिक आले.

आमच्या घरीं ऊब, स्वयंपाक व उजेड हीं तीनही विजेवर. पाऊस थांबून थंडी वाढली, तेव्हां खरीं कामें सुरू झालीं. पाणी गोठून नळ फुटूं नयेत म्हणून मुख्य तोटी बंद करून आंतलें सर्व पाणी सोडून दिलें. शीतकपाटांतील जिन्नस मागील सज्ज्यांत नेऊन ठेवले. अन्न नासूं नये म्हणून तें घराबाहेर काढावें, ही गोष्ट वाईहून आलेल्या आमच्या मातोश्रींस मोठी गमतीची वाटली. अंगणांतील भूर्जाच्या फांद्या ओणव्या होऊन जमिनीस टेकल्या होत्या. त्या झोडपून मोकळ्या करण्याचा मोह आवरावा लागतो, कारण गोठलेलें लांकूड ताडकन् मोडतें. उन्हाची वाट पाहणें हाच तेथें उपाय.

मातोश्रींनीं शेगडी पेटविण्याचें सुचविलें. वाईच्या कौलारू घरांत, उघड्या खिडकीशीं, त्यांनीं ती जन्मभर पेटविली होती. परंतु थंडीसाठीं फटी बुजविलेल्या घरांत कोळशाचा विषारी वायु न दिसतां, वास न येतां माणसास कायमचा निजवितो. त्या दिवसांत क्वेबेक प्रांतांत अशा रीतीनें कित्येक लोक दगावले. शेगडीचा विचार सोडला. आणि दुसऱ्या रात्रीं मातोश्रींचे हातपाय गार पडूं लागले.

शेजारीं एक फ्रेंचभाषी वृद्ध बाई एकट्या राहत. सहा वर्षांचा आमचा परिचय मान हलविण्यापलीकडे गेला नव्हता. त्यांच्याकडे लांकूड जाळावयाची लोखंडी चूल होती. त्या स्वतः येऊन आम्हांस घेऊन गेल्या. कोणाचे मिंधे होऊं नये ही मराठी घरांतील शिकवण फार जुनी. पण थंडीनें कांपणाऱ्या मातेपुढें ती टिकत नाहीं, आणि टिकूंहि नये. १७ रात्री आम्ही त्यांच्या एका खोलींत निजलों. आम्ही लांकडें फोडीत असूं. मातोश्री पिठलेंभात करीत. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. तथापि चुलींत लांकूड केव्हां सारावें याविषयीं त्यांचें कधीं दुमत झालें नाहीं.

कांहीं गांवांत पांच आठवडे अंधार राहिला. त्या मानानें आमची वीज लौकर आली. आम्ही आनंदानें घरीं परतलों, आणि त्या रात्रीं गल्लींतील प्रत्येक दार पूर्ववत् बंद झालें. नळ दुरुस्त होतात, झाडांस पुन्हां पालवी फुटते. उजेडाबरोबर परत येणारा परकेपणा दूर ठेवणें हें मात्र अधिक अवघड काम. शेजार जोडला गेला याचें श्रेय संकटास. तो टिकविण्याचें काम माणसासच करावें लागतें.

पुढल्या रविवारीं मातोश्रींनीं पिठल्याचें भांडें घेऊन त्या दारावर थाप मारली. त्या वाईस परतल्यावरहि तें भांडें आमच्याकडून तिकडे जात राहिलें, आणि रिकामें असें तें कधीं परत आलें नाहीं.