यंत्र घेणे सोपे, यंत्र पोसणे अवघड

वाचकहो, नागपुरातील आमच्या वस्तीतल्या चार तरुणांनी २०२३ च्या जानेवारीत एक यंत्र घेतले. झाडाच्या तोडलेल्या फांद्या एका तोंडाने आत सारायच्या आणि दुसऱ्या तोंडाने त्यांच्या बारीक ढलप्या होऊन बाहेर पडायच्या, असे ते यंत्र. मुले त्याला ‘चिपर’ म्हणतात. ही मुले पूर्वी एका ठेकेदाराकडे दिवसाला सातशे रुपये रोजाने झाडांवर चढत. झाड यांनी छाटायचे आणि बिल ठेकेदाराने फाडायचे. आपणच मालक का होऊ नये, असे त्यांना वाटले. आम्हालाही ते पटले.

यंत्र जुने, पण चांगल्या स्थितीतले. स्वतःचे डिझेल इंजिन, दोन चाकांवर बसवलेले, गाडीमागे ओढून न्यायचे. किंमत साडेपाच लाख. चौघांनी पन्नास-पन्नास हजार जमवले, उरलेले साडेतीन लाख एका पतसंस्थेकडून बारा टक्क्यांनी घेतले. मुदत चार वर्षे, हप्ता ९,२१७ रुपये. जामीनदार म्हणून सही केली आम्ही. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम.; दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासतो. पण घरच्या मुलांनी यंत्र घेतले तेव्हा त्यांना एक वही घालून द्यावी, हे काही आम्हाला सुचले नाही. पेढे खाल्ले आणि मोकळे झालो!

एप्रिल ते जुलै कामाला उसंत नव्हती. पावसाळ्यापूर्वी सोसायट्या, शाळा, बंगलेवाले सगळेच फांद्या छाटून घेतात आणि वादळात झाडे पडतात ती वेगळीच. मुले दिवसाचे सात हजार घेत. त्यातून डिझेल आणि यंत्र ओढणाऱ्या गाडीचे भाडे गेले की उरलेले चौघांत वाटून टाकत. प्रत्येकाच्या हाती हजार-अकराशे पडत. एकाने घरावर नवे पत्रे घातले, एकाने बहिणीच्या लग्नाची उसनवारी फेडली. आम्ही चारचौघांत त्यांचे उदाहरण देत होतो.

ऑक्टोबरात काम थंडावले आणि नेमके तेव्हाच ढोलाचे बेअरिंग जाम झाले. दुरुस्तीचे तेवीस हजार लागणार होते. गल्ला रिकामा होता. दोन हप्ते थकले आणि पतसंस्थेचे पत्र आमच्या पत्त्यावर आले.

त्या रविवारी चौघांना आम्ही घरी बोलावले. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चिठ्ठ्या, पावत्या आणि एक फाटकी डायरी काढली. आम्ही विचारले, “दिवसाला खर्च किती येतो?” सगळ्यांत थोरला म्हणाला, “काकाजी, डिझेल अन् गाडीभाडं. बाकी काय असते?”

सगळा घोटाळा या एका उत्तरात होता. डिझेल रोज पंपावर खिशातून जाते, म्हणून ते दिसते. बाकीचे खर्च गुपचूप साचत राहतात आणि एके दिवशी एकदम दारात उभे राहतात.

यंत्रावर तास मोजणारे मीटर असते. त्यावरून वर्षाला सुमारे ११० दिवस आणि दिवसाला चार तास, म्हणजे ४४० तास काम धरले. तासाला चार लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरून ३६० रुपये झाले. मग दुसरे पान उघडले. इंजिन तेल, फिल्टर, ग्रीस यांचे वर्षाचे बारा हजार. पात्यांना अठरा वेळा धार, दरवेळी बाराशे, म्हणजे २१,६००. शिवाय पात्यांचा एक नवा संच सोळा हजारांचा. पट्टे, बेअरिंग, टायर, रबरी पडदा मिळून अठरा हजार. यंत्राचा व चौघांच्या अपघाताचा विमा १४,४००. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे अडतीस हजार.

आणि शेवटी घसारा. आयकराच्या नियमाने यंत्रावर घटत्या शिलकेवर दरसाल १५ टक्के घसारा धरतात, पण मुलांना समजावे म्हणून आम्ही सोपी रीत घेतली. यंत्र सात वर्षे चालेल आणि शेवटी एक लाख तीस हजारांना जाईल असे धरले, तर दरवर्षी साठ हजारांचे यंत्र झिजते. कर्जाचे मुद्दल आम्ही खर्चात वेगळे धरले नाही, कारण घसारा आणि मुद्दल दोन्ही धरले तर एकच खर्च दोनदा लिहिला जातो. हप्त्यासाठी रोख मात्र बाजूला ठेवावीच लागते.

बेरीज आली एक लाख ऐंशी हजार. ४४० तासांनी भागले तर तासाला ४०९ रुपये. म्हणजे दिसणाऱ्या डिझेलपेक्षा न दिसणारा खर्चच जास्त! दिवसाच्या सात हजारांतून डिझेलचे १,४४०, गाडीचे ९०० आणि हे १,६३६ वजा केले तर उरतात ३,०२४. चौघांत वाटले तर ७५६ रुपये. ठेकेदाराकडे सातशे मिळत होते. मालक होऊन, कर्ज डोक्यावर घेऊन, मुलांनी रोजचे छप्पन्न रुपये जास्त मिळवले होते! बाकीचे जे वाटून खाल्ले ते यंत्राचे मांस होते. खोलीत कोणी बोलेना.

त्यातही व्याज, विमा आणि घसारा हे यंत्र दारात उभे असले तरी चालूच राहतात. वर्षाला ४४० ऐवजी २२० तासच काम मिळाले, तर या तीन बाबींचाच भार तासाला २५५ वरून ५११ रुपयांवर जातो.

पावत्या लावताना एक गोष्ट आम्हाला खटकली. एका आठवड्यात हातमोज्यांच्या दोन जोड्या घेतल्या होत्या. आम्ही सहज विचारले, “इतक्या लवकर फाटले?” चौघेही खाली बघू लागले. शेवटी धाकटा म्हणाला, “एक मोजा आत गेला, काकाजी.”

मग सगळे बाहेर आले. बाराशे रुपये वाचवायला त्यांनी पात्यांना धार लावणे दोन वेळा टाळले होते. पाती बोथट झाली की ढलप्यांऐवजी दोरे आणि भुसा निघतो, इंजिन कण्हते, डिझेल जास्त लागते आणि फांद्या नीट ओढल्या जात नाहीत. दिवस उरकायची घाई, म्हणून धाकट्याने बाभळीचा आखूड तुकडा हाताने आत ढकलला. मोजा मनगटाशी सैल होता. काटेरी फांदीत तो अडकला आणि खेचला गेला. नशिबाने हात निसटला. यंत्राच्या तोंडाशी थांबवायची दांडी असते, पण फांद्या लागून ती सारखी पडते म्हणून पोरांनी ती तारेने बांधून ठेवली होती. वाचकहो, अठरा वर्षांच्या मुलाचा हात त्या वहीत कोणत्या सदरात लिहायचा होता?

आमच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, “मिक्सरचं पातं बोथट झालं की आम्ही धार लावून घेतो, बोटानं ढकलत नाही. अन् सिलिंडरचे पैसे डब्यात वेगळे ठेवतो, भाजीत खर्चत नाही.” बी.कॉम.ला आम्ही ‘तरतूद’ हा शब्द शिकलो होतो. तिचा अर्थ या बाईने घरातल्या डब्यावरून सांगितला.

त्याच दिवशी चार डबे ठरले: डिझेल, पाती, दुरुस्ती आणि हप्ता. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहायचा, तासाप्रमाणे डब्यांत पैसे टाकायचे आणि मग उरले ते वाटायचे. महिन्याअखेरी डबे बँकेत रिकामे करायचे. बेअरिंगचे पैसे आम्ही आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचलून दिले. ते त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात फेडले.

दिवसाचा दर नऊ हजार केला. दोन गिऱ्हाइके तुटली. बाकीच्यांना मुलांनी समजावले की फांद्या तशाच भरल्या तर टेम्पोच्या तीन-चार खेपा होतात, ढलप्यांची एकच होते. शिवाय ढलप्या झाडांच्या आळ्यात पसरल्या तर ओल टिकते. त्यांना ते पटले.

कामाचे नियमही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. फांदीत खिळा किंवा रोषणाईची तार आहे का ते आधी पाहायचे, कारण एक खिळा पूर्ण संचाची धार घालवतो. पाती एकटी-दुकटी घासायची नाहीत. संच एकसारखा नसला तर ढोल हादरतो आणि बेअरिंग जाते. आखूड तुकडा लांब काठीनेच सारायचा. इंजिन बंद केले तरी ढोल बराच वेळ फिरतो. तो पूर्ण थांबून किल्ली खिशात आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. दांडी बांधायची नाही. आणि १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे लेखी परवानगी असल्याशिवाय कोणाच्या झाडाला हात लावायचा नाही.

आज मुले श्रीमंत झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण पात्यांचा पुढचा संच त्यांनी उधारीवर न आणता डब्यातल्या पैशांतून आणला आणि पतसंस्थेचे पत्र पुन्हा आमच्याकडे आलेले नाही.

आपल्यातली कितीतरी मुले आज टेम्पो, रिक्षा, शिलाई यंत्र कर्जावर घेत आहेत. जरूर घ्यावीत. पण जामीनदाराची सही करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हाती एक वही द्यावी. आम्ही ती दहा महिने उशिरा दिली. धाकट्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, म्हणून ही गोष्ट आज सांगता येते.