कॅमेरे किती ते नंतर सांगा, आधी रेकॉर्डिंग किती दिवसांचं ते सांगा

परवा आपल्या प्रभागाच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला. चौकाचौकात सीसीटीव्ही बसणार, लवकरच नारळ फुटणार. खाली अभिनंदनाची रांग. मीही हात जोडलेला इमोजी टाकणार होतो, पण थांबलो. कारण आमच्या कॉलनीत कॅमेरे बसवायचं काम मीच अंगावर घेतलं होतं, आणि त्या कॅमेऱ्यांपायी एका गरीब माणसाचं काय झालं ते मला ठाऊक आहे. कॅमेऱ्यांपायी म्हणजे खरं तर आमच्यापायी, आणि त्यात पहिला मी. आज ते लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आमची कॉलनी अठ्ठावीस घरांची. घरटी आठशे रुपये वर्गणी काढली, तीन जणांकडून कोटेशन घेतलं. दोघांनी पाच-सहा कॅमेरे सांगितले होते, तिसऱ्यानं तेवढ्याच पैशात आठ सांगितले. मीटिंगमध्ये मीच म्हणालो, "आठ मिळतायत तर पाच कशाला घ्यायचे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. भाजी घेताना जेवढी चौकशी करतो तेवढीही केली नाही. गेटवर 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' असा बोर्ड लावला आणि विषय संपला. पुढची अडीच वर्षं डीव्हीआरकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. स्क्रीनवर आठ चौकोन दिसायचे, म्हणजे सगळं चालू आहे असं आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी जानेवारीत एका रात्री मागच्या पार्किंगमधून स्कूटर गेली. हॉस्पिटलात नर्स असलेल्या एका ताईंची, हप्ते अजून फिटायचे होते. सकाळी आम्ही सहा-सात जण टीव्हीसमोर बसलो. पार्किंगच्या कॅमेऱ्यात संध्याकाळी अंधार पडेपर्यंतचं चित्र होतं, पुढे रात्रभर नुसता काळा चौकोन. मग गेटचा कॅमेरा पाहिला. पावणेचारला माकडटोपी घातलेला एक माणूस सायकल हातात धरून बाहेर पडताना दिसला. चेहरा दिसत नव्हता, पण चाल आणि सायकल आमच्या वॉचमन मामांची.

मामांची ड्यूटी रात्री दहा ते पहाटे पाच. आम्ही विचारलं, "किती वाजता गेलात?" ते म्हणाले, "पाच वाजून गेल्यावर, रोजच्यासारखा." कॅमेरा तर पावणेचार सांगतोय! झालं. म्हातारा खोटं बोलतोय, सव्वा तास आधी पळाला, चोराला गेट मोकळं करून दिलं, असं सगळ्यांनी आपापल्या परीनं ठरवून टाकलं. टीव्हीवरची क्लिप मोबाइलनं शूट करून कॉलनीच्या ग्रुपवर मी टाकली. तिथून ती शेजारच्या दोन कॉलन्यांत गेली. मामांना चौकीवर बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं. मामांचं वय साठीच्या आसपास, गाव इथून सात किलोमीटर. त्यांच्या गावात बातमी त्यांच्याआधी पोचली.

तिसऱ्या दिवशी मी घरी तीच क्लिप पुन्हा पुन्हा पाहत होतो. बायको मागे उभी होती. म्हणाली, "पुढं जाऊ द्या की जरा." पुढं गेलं. चार वाजता गेटमधून दूधवाला आत आला. ती म्हणाली, "आपला दूधवाला चार वाजता कधीपासून यायला लागला? तो तर सव्वापाचच्या आधी कधी येत नाही."

मी उठून डीव्हीआर पाहिला. स्क्रीनवरची वेळ आणि माझ्या मोबाइलमधली वेळ यात एक तास वीस मिनिटांचा फरक होता. डीव्हीआर मागे होता. मामा पाच वाजून पाच मिनिटांनी गेले होते, अगदी त्यांनी सांगितलं तसंच.

स्वस्त डीव्हीआरचं घड्याळ दिवसाला पाच-सहा सेकंद मागे पडणं ही काही मोठी गोष्ट नाही. आमचा डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नव्हता, त्यामुळे वेळ आपोआप जुळत नव्हती, आणि हातानं कुणी जुळवली नाही. पाच सेकंद गुणिले अडीच वर्षं म्हणजे सव्वा तासाच्या वर. हिशोब एवढा सोपा आहे.

मी चौकीवर जाऊन सांगितलं, ग्रुपवर माफी टाकली. माफीची पोस्ट शेजारच्या कॉलन्यांत कुणी फॉरवर्ड केली नाही. मामांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, रागाचं काही बोलले नाहीत. शिट्टी, बॅटरी आणि गेटची किल्ली कागदात बांधून माझ्या हातात दिली आणि अकरा दिवसांचा पगार तेवढा द्या म्हणाले. परत यायला तयार झाले नाहीत. स्कूटरही आजतागायत सापडलेली नाही.

त्यानंतर आपल्या गावातल्या, हे काम मनापासून करणाऱ्या एका पोराला बोलावलं आणि दोन दिवस त्याच्यामागे शिडी धरून फिरलो. जे शिकलो ते सांगतो, कारण तुमच्या सोसायटीत, दुकानात, शाळेतही यातलं निम्मं तरी असणार.

१. दिवसा चालू, रात्री बंद. पार्किंगचा कॅमेरा खराब आहे म्हणून आम्ही तो मध्ये एकदा बदललाही होता. दोष कॅमेऱ्याचा नव्हताच. अंधार पडला की कॅमेऱ्यातले आयआर दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. पॉवर सप्लाय गेटजवळ, कॅमेरा सत्तर मीटरवर, मधली वायर केसासारखी बारीक. पोरानं मीटर लावून दाखवलं: सप्लायला बारा व्होल्ट, कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा दहाच्या आसपास, रात्री आठच्या खाली. कॅमेरा बंद पडणारच. उपाय काय, तर सप्लाय कॅमेऱ्याजवळ नेला. काही शे रुपयांचं काम. वायर घेताना अस्सल तांब्याची आहे का तेही बघा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते आणि लांब अंतरावर दगा देते.

२. रात्री सगळं पांढरं धुकं. हा बऱ्याचदा कोळी असतो. आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोरचं जाळं उजेडात चमकतं. महिन्यातून एकदा काठीला फडकं बांधून पुसा. समोर पांढरी भिंत किंवा पत्रा अगदी जवळ असला तरी असंच होतं, मग कॅमेऱ्याचं तोंड जरा वळवावं लागतं.

३. चित्रात आडव्या लाटा, पावसाळ्यात चित्र गायब. बाहेरचे जोड नुसते पिळून टेप मारलेले असतात. पाणी जातं, बीएनसी पिन गंजते. प्रत्येक कॅमेऱ्यामागे बंद डबी हवी आणि जोड त्या डबीत हवा. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर मिळत नाही.

४. लाइव्ह दिसतं, मागचं दिसत नाही. हे सगळ्यांत घातक. चौकोन दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण हार्ड डिस्क कधीच मेलेली असते. आमच्यात जुन्या कॉम्प्युटरची पाचशे जीबीची डिस्क निघाली. चोवीस तास लिहीत राहायला बनवलेली सर्व्हेलन्स डिस्क वेगळी मिळते, तीच घ्या. हिशोब असा: दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी लागतात. आठ कॅमेरे म्हणजे पावणेदोनशे जीबीच्या आसपास. एक टीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुन्यावर नवं चढतं. आमची तर तीन दिवसही पुरत नव्हती. गावाला जाऊन आठवड्यानं परतलेल्या माणसाला त्या कॅमेऱ्यांचा काय उपयोग?

५. चेहरा ओळखू येत नाही. अनोळखी माणूस ओळखू यायचा असेल तर चित्रात एक मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत, असं तांत्रिक मानक आहे. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. म्हणजे आठ मीटरपेक्षा रुंद भाग दाखवला की ओळख संपली. नेहमी मिळणारी २.८ मिमीची लेन्स दहा-अकरा फुटांवरच एवढा भाग दाखवते. ही लेन्स पूर्ण अंगण दाखवते म्हणून बघायला छान वाटते, पण गेटवर तीच लावली तर माणूस 'आला' एवढंच कळतं, 'कोण आला' ते नाही. गेटला ६ मिमीची लेन्स हवी, म्हणजे साधारण २५ फुटांपर्यंत चेहरा मिळतो. आणि कॅमेरा फार उंच नको. आमचा चौदा फुटांवर होता, सगळ्या टोप्यांचं आणि टकलांचं रेकॉर्डिंग झालं.

आता नवीन घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॅमेरे कमी घ्या पण कामाचे घ्या: येण्याजाण्याच्या प्रत्येक वाटेवर चेहरा टिपणारा एक, आणि एकूण परिसराला एक-दोन. जुनी वायरिंग धड असेल आणि अंतर कमी असेल तर साधा एचडी ॲनालॉग आणि डीव्हीआर पुरेसा आहे, उगाच आयपीच्या मागे लागू नका. सगळी वायरिंग नवी करणार असाल तर आयपी कॅमेरे आणि पीओई स्विच बघा. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, शंभर मीटरपर्यंत. मेमरी कार्डवाला वायफाय कॅमेरा घरात ठीक आहे. बाहेर लावला तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावाही घेऊन जातो. डीव्हीआर आणि सप्लाय दोन्ही यूपीएसवर घ्या, कारण लाइट जाते तेव्हाच गरज असते. आणि डीव्हीआर कुलपाच्या कपाटात ठेवा, पण त्याला हवा खेळू द्या.

पासवर्डही बदला. बसवणारा जो पासवर्ड ठेवून जातो तोच दहा ठिकाणी असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं होतं. आपल्या गेटचं चित्र कुणी पाहिलं तर काय बिघडतं असं वाटतं, पण घराला कुलूप कधी लागतं हेही त्यात दिसतंच की.

आणखी एक. मी केली ती चूक करू नका: स्क्रीन मोबाइलनं शूट करून तो पुरावा म्हणून फिरवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगच्या कॉपीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅशही द्यावा लागतो. आधीच्या कायद्यातल्या ६५ब कलमाचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सांगितलं. मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी. हा खटला आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता, आणि वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की वेळ संपल्यावर, याचा. तिथंही कॅमेरे आणि वेळच. म्हणून घटना घडली की आधी डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ, दोन्ही कागदावर लिहा. मग मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. पोलिसांना द्या, ग्रुपवर नको.

आता परत फ्लेक्सकडे. प्रभागात कॅमेरे बसायला माझा विरोध नाही, बसायलाच हवेत. पण नारळ फोडणाऱ्यांना आपण पाच प्रश्न विचारूया. रेकॉर्डिंग किती दिवस राहणार? गाडीचा नंबर रात्री वाचता येईल असे कॅमेरे किती? देखभालीचा करार किती वर्षांचा, आणि बंद कॅमेरा किती तासांत दुरुस्त होणार? घड्याळ कोण जुळवणार? आणि हे चित्रण बघायचा अधिकार कुणाकुणाला? सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. चौकातल्या कॅमेऱ्यांकडे एवढं नको, पण महिनाभराचं तरी मागूया. खांबावर मेलेला कॅमेरा असण्यापेक्षा नसलेला बरा. नसला तर आपण स्वतः लक्ष तरी ठेवतो.

आमच्याकडे आता आठाचे सहा कॅमेरे आहेत, डिस्क दोन टीबीची आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी तीन गोष्टी बघतो आणि वहीत सही करतो: वेळ बरोबर आहे का, रात्री प्रत्येक कॅमेरा दिसतो का, आणि सात दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग चालतं का. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मी अडीच वर्षांत एकदा जरी काढली असती, तरी मामा आज आमच्या गेटवर असते.

तुमच्याकडे डीव्हीआर असेल तर आत्ताच मोबाइल हातात घेऊन त्याच्यासमोर जा आणि वेळ ताडून बघा. किती मिनिटांचा फरक निघाला ते कॉमेंटमध्ये लिहा. माझी खात्री आहे, बऱ्याच जणांचा निघेल.