ताटीबाहेरची मुलगी

धायरीत संध्याकाळी माझ्याकडे आठवी-नववीच्या मुली मराठी शिकायला येतात. आज कळलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांनी एकीला ‘डांबर’ म्हटलंय. ती वहीचा कोपरा पेनाने गिरगटत होती, कागद फाटेपर्यंत. ‘ताई, गंमत केली हो,’ म्हणून दुसरी मोकळी झाली.

‘नीट बोला’ एवढ्याने भागत नाही. म्हणून धडा बाजूला ठेवून मुक्ताबाई काढली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत काढली, ते ताटीचे अभंग.

मग मुक्ता साळवे. 14 वर्षांची, फुले दांपत्याच्या शाळेतली. 1855 मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो मवाळ मुळीच नाही, चांगला धारदार आहे. पण धार अन्याय करणाऱ्यांवर आहे, सोबतिणीवर नाही. मुलींना गोडगोड बोलायला शिकवणारे घरोघरी आहेत, मला ते नकोच.

उद्यासाठी लिहायला दिलंय: ताटीबाहेर तू असतीस तर काय म्हणाली असतीस? ‘डांबर’ लिहिणारीने विचारलं, ‘एकच ओळ चालेल?’

चालेल म्हटलं.