भीमेच्या माहेरी

भीमाशंकराला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पुण्याहून मंचर-घोडेगावमार्गे एस.टी.त बसावे, एक डुलकी काढावी आणि देवाच्या दारात उतरावे, हा सोयीचा. दुसरा कोकणातून. कर्जतहून कशेळेमार्गे खांडस गाठायचे आणि सह्याद्रीची भिंत स्वतःच्या पायांनी चढायची. देव दोघांनाही सारखाच भेटतो. रान मात्र दुसऱ्यालाच भेटते.

भाद्रपदाच्या अखेरीस मी, सौ. आणि बारा वर्षांचे चिरंजीव असे तिघे खांडसहून निघालो. इथे पुन्हा दोन वाटा फुटतात. शिडी घाटाची वाट सरळ कड्याला भिडते आणि लोखंडी शिड्यांवरून वर जाते. पावसाळ्यात तिथे पाण्याचे आणि शेवाळाचेच राज्य. गणेश घाटाची वाट लांबची, पण शहाणी. संसारी माणसाने गणपतीचे नाव घेऊन हीच धरावी.

वाटाड्या म्हणून पदरवाडीचे एक बाबा बरोबर होते. समोर पदरगडाचा कातळ ढगांत बुडत होता आणि कड्यावरून जागोजाग पांढऱ्या धारा सुटल्या होत्या. चिरंजीव धबधबे मोजू लागले, सतराव्यापाशी हिशेब चुकला, तेव्हा बाबा म्हणाले, “बाळा, मोजू नको. ऐक.”

आम्ही थांबलो. पाण्याच्या घोषावर तरंगत एक शीळ आली. एखादा निरुद्योगी पोरगा अर्धवट आठवणारी चाल घोळवीत बसावा, तशी. तो शीळकरी कस्तूर. गडद निळा, खांद्यावर चकाकता निळा डाग, आणि घर ओढ्याकाठच्या कपारीत! पुढे भृंगराज दिसला. शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके, आणि गळ्यात साऱ्या रानाच्या नकला. एकट्यानेच त्याने चार पक्ष्यांचे आवाज काढून आमच्या सौ.ना चांगलेच फसवले.

पदरवाडीला दोन्ही वाटा एकत्र येतात. डोंगराच्या मध्यावर पदरासारखी पसरलेली ही सपाटी. तिथला चहा घेऊन पुढे लागलो, की आभाळ दिसेनासे होते. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. तिथेच बाबांनी वर बोट दाखवले. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट: शेकरू! महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. त्याने एका झाडावरून झेप घेतली ती थेट पलीकडच्या झाडावर.

“त्याची वाट वरनं जाते,” बाबा म्हणाले. “मधली झाडं तोडली, की ती वाट मोडली. मग ते खाली उतरतं, आणि कुत्री धरतात.”

इथल्या सुमारे १३० चौरस किलोमीटर रानाला १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर केले ते मुख्यतः या शेकरूसाठी. पण त्या रानात आपलाही स्वार्थ आहे. माथ्यावर पडलेल्या पावसाचे इथे वाटप होते. पश्चिमेच्या उताराचे पाणी अरबी समुद्राला जाते. पूर्वेचे पाणी भीमा होऊन सुमारे ८६० किलोमीटर चालते, कृष्णेला मिळते आणि बंगालचा उपसागर गाठते. वाटेत पंढरपुरी चंद्रकोरीसारखे वळण घेऊन हीच भीमा चंद्रभागा होते. झाडांची मुळे आणि पाचोळा पाणी धरून ठेवतात, जिरवतात आणि मग सावकाश सोडतात. रान गेले, की पाऊस मातीसकट एका दमात धावत सुटतो.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. सौ.ना ते वेगळेच ठाऊक होते. त्यांचे माहेर सोलापूरचे. नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत, घागरी मांडून लहानपण गेलेले. सोलापूरला उजनी धरणाचे पाणी, आणि उजनी भीमेवर. देवळापासून पूर्वेला रानात थोडे चालले, की गुप्त भीमाशंकर. तिथे इवलासा ओढा खडकावरून उडी घेतो. सौ. वाकल्या, ओंजळ भरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. “एवढीच असते?” एवढेच म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल, तर धबधबे बारीक झालेले असतील. पण वाट कोरडी आणि पाखरे भरपूर. वाडीतला वाटाड्या जरूर घ्या, त्याला मोल चोख द्या. मोबाइलवरची गाणी बंद ठेवा आणि रिकाम्या बाटल्या परत आणा. खाली कुणीतरी घागर मांडून बसले आहे.