आकाशाखालचे सारे : तीन चिनी विचारवंत आणि इतिहासाची साक्ष

१/ राष्ट्रे एकमेकांशी कशी वागतात, हे सांगणारे सिद्धांत विसाव्या शतकात बहुतांशी अमेरिका आणि युरोपात घडले. त्यांचा पायाही तिथल्याच इतिहासाचा. मग तीन हजार वर्षांची लिखित परंपरा असलेल्या चीनने जगाकडे उसन्या भिंगातून पाहावे काय? या प्रश्नाला मिळालेली ही तीन उत्तरे. #थ्रेड

२/ आधी ते भिंग. १९७९ साली केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकी अभ्यासकाने मांडले, की राष्ट्रांच्या वर कोणतेही शासन नसते. सबब प्रत्येकाने आपले रक्षण आपणच करायचे. या मांडणीत महत्त्व बळाच्या वाटणीला आहे, राज्यकर्त्यांच्या नीतीला नाही.

३/ पहिले उत्तर तत्त्वज्ञ झाओ तिंगयांग यांचे, २००५ सालच्या ग्रंथातले. इ.स.पू. अकराव्या शतकात लहानशा झोऊंनी बलाढ्य शांग सत्ता उलथवली. पण मूठभरांनी अनेकांवर राज्य कसे करावे? झाओंच्या मते, सर्वांना आत राहणेच हिताचे वाटेल अशी व्यवस्था उभारून. तीच ‘तिआनशिया’ : आकाशाखालचे सारे. तिच्यात परका कोणीच नाही.

४/ दुसरे उत्तर चिन याचिंग यांचे. पाश्चात्त्य सिद्धांत आधी सुटे राष्ट्र गृहीत धरतो आणि मग त्याचे संबंध पाहतो. कन्फ्यूशियसच्या परंपरेत मात्र माणूस मुळातच कुणाचा तरी पुत्र, बंधू किंवा मित्र असतो. राष्ट्रांचेही तसेच, असे चिन म्हणतात. नाती आधी, हिताचा हिशेब त्यांतून.

५/ तिसरे उत्तर यान शुएतोंग यांचे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, सोळाव्या वर्षी, त्यांची रवानगी ईशान्येकडील हेलोंगजियांग प्रांतात झाली. तिथे नऊ वर्षे कष्टात गेली. पुढे त्यांनी बर्कलीत डॉक्टरेट मिळवली आणि बीजिंगच्या चिंगहुआ विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

६/ यान यांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकातील शुन्झीचा आधार घेतला. त्याने सत्तेचे तीन प्रकार सांगितले होते. ‘वांग’ नीतीवर उभी असते. ‘बा’ सामर्थ्यावर आणि पाळलेल्या शब्दावर उभी असते. ‘च्यांग’ म्हणजे निव्वळ बळजोरी. बळ हवेच, पण नेतृत्व टिकते ते विश्वासार्हतेमुळे, हा यान यांचा ‘नैतिक वास्तववाद’. गंमत अशी, की ‘चिनी संप्रदाय’ हे नाव त्यांनाच मान्य नाही. सिद्धांत सर्वांना लागू पडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

७/ आता इतिहासाची साक्ष. परंपरेनुसार शुन्झीचाच शिष्य असलेला ली सी हा चिन राज्याचा मंत्री झाला. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकत्र आला तो ‘वांग’च्या नव्हे, तलवारीच्या मार्गाने. मात्र ते साम्राज्य पंधरा वर्षांतच कोसळले. गुरूचे म्हणणे खोटे ठरले की खरे, याचा निवाडा सोपा नाही.

८/ दुसरी साक्ष सीमेपलीकडची. पदच्युत राजघराण्याला गादी परत मिळवून देण्याच्या नावाखाली मिंग फौजा व्हिएतनाममध्ये शिरल्या आणि १४०७ मध्ये त्यांनी तो देशच खालसा केला. १४१८ मध्ये ले लोईने उठाव केला आणि १४२७ मध्ये मिंगांना माघार घ्यावी लागली. आकाशाखाली परका कोणी नसेल, तर या उठावाला काय म्हणायचे?

९/ विजयानंतर त्याच ले लोईने मिंग दरबारी नजराणे पाठवले. चिन याचिंग यांच्या वाचकाला यात नात्याचे बळ दिसेल, तर वॉल्ट्झच्या वाचकाला बलाढ्य शेजाऱ्याशी केलेला व्यवहार. घटना एकच, सिद्धांत दोन.

१०/ प्रत्यक्षातल्या तिआनशियात केंद्र आणि परीघ, आतले आणि बाहेरचे असा भेद होताच, याकडे चिनी इतिहासकार गे झाओग्वांग यांनीही लक्ष वेधले आहे. जगाचा विचार युरोपच्याच अनुभवावरून का करावा, हा चिनी अभ्यासकांचा प्रश्न रास्त आहे. पण कोणतीही सत्ता ‘वांग’ होती की ‘च्यांग’, हे ठरवताना बीजिंगच्या दफ्तरांबरोबर हनोईच्या बखरीही उघडाव्या लागतील. हाच नियम वॉशिंग्टनला लागू, आणि दिल्लीलाही.