बंद व्हॉल्व्हमागची हवा

ब्रेकची हवा काढताना पेडल कडक लागलं की हेल्पर पोरगा बाटली-नळी गुंडाळायला लागतो. "आता तं कडक झाला ना भाऊ, काहून थांबता?" जुन्या बोलेरोत, जिप्सीत त्याचं म्हणणं खरं ठरायचं. मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सरळ वाट. नळीतून बुडबुडे यायचे थांबले, निपल आवळलं, गाडी बाहेर. एबीएसचं युनिट काढून बसवलेली गाडी असेल तर मात्र मी कडक पेडलवर लगेच विश्वास ठेवत नाही.

युनिटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात एकेका चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. एक एरवी उघडा, दुसरा एरवी बंद. साध्या ब्रेकिंगला तेल उघड्यातून चाकाकडे जातं आणि तिथूनच परत येतं. बंद व्हॉल्व्हच्या मागे एक लहानशी टाकी आणि एक पंप असतो, तिकडे ते फिरकतसुद्धा नाही. चाक जाम व्हायला लागलं की पहिला व्हॉल्व्ह मिटतो, दुसरा उघडतो, चाकावरचा दाब त्या टाकीत सुटतो आणि पंप ते तेल मागे ढकलतो. सेकंदात कितीतरी वेळा हे चालतं. दुरुस्तीत त्या टाकीत हवा राहिली असेल, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेडल मारा, ती जागची हलायची नाही. गॅरेजात पेडल दगडासारखं लागतं. मग एखाद्या रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर जंगलातून रानडुक्कर आडवं येतं, माणूस जीव खाऊन ब्रेक दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि लपलेली हवा नेमकी तेव्हाच कामाच्या लाइनीत शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पेडल पायाखालून खाली जातं.

सुरजागडचं लोहखनिज घेऊन एटापल्ली-आलापल्लीकडून येणाऱ्या ट्रकांचे ब्रेक हवेवरच चालतात, ही त्यातली गंमत. तिथे हवा गेली तर पायाचा ब्रेक गेला, इथे हवा आली तर.

एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून पिवळा दिवा लागलेल्या गाड्या गडचिरोलीच्या आतल्या गावांतूनही येतात. दिवा लागला म्हणजे युनिट गेलं, असं समजणारे मेकॅनिक मला पटत नाहीत. आमच्याकडे बऱ्याचदा उंदरांनी चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडलेली असते, नाहीतर चिखल बसलेला असतो. युनिटच्या सर्किट बोर्डावरचा सोल्डरचा डाग सुटला असला तरी पुष्कळ गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग चार स्क्रू काढून वेगळा होतो. कॉइली त्याच्यासोबत येतात, व्हॉल्व्ह ठोकळ्यातच राहतात. तेलाचा पाइप सोडायचीच गरज नसते, मग हवा कुठून येणार? पाइप सोडायचेच असतील तर सुटल्याबरोबर प्रत्येक तोंडाला बूच. धूळ आत गेली तर त्या बारीक व्हॉल्व्हांचं काही खरं नाही.

भरायचं तेलही बघून घ्यावं लागतं, कारण ब्रेक ऑइल पाणी पितं. डॉट ४ कोरं असताना निदान २३० अंशांवर उकळायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत उतरते. गिऱ्हाईक चंद्रपूरच्या मे महिन्याला दोष देतात. सत्तेचाळीस अंशांनी ऑइल उकळत नाही. ते उकळतं पॅडच्या तापाने, आणि लवकर उकळतं ते पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेल्या डब्यातल्या पाण्यामुळे. म्हणून मी लहान डबे घेतो. उरलेलं टाकून देतो. कंजुसी करायच्या जागा वेगळ्या आहेत.

जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत जाऊ देत नाही. मास्टर सिलेंडरच्या न वापरलेल्या भागात गंज धरलेला असतो, रबर त्याच्यावरून घासलं की फाटतं. पेडलखाली सागाचा एक तुकडा ठेवतो. बल्लारपूरचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला गेला, आमच्या वाट्याला हा ढलपा. मग "दाब... धर... सोड." सावकाश. पोरं भराभर पंप मारतात, त्याने मोठ्या बुडबुड्याचा फेस होतो आणि फेस निघता निघत नाही. चाकांचा क्रम कंपनीच्या पुस्तकातला. लांबचं चाक आधी, हा जुना नियम सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही.

हे झालं की स्कॅनर लावायचा. तो व्हॉल्व्ह उघडतो, पंप घरघरतो, पोरगा पेडल धरून असतो, मी निपल सोडतो. स्वच्छ येणाऱ्या तेलात अचानक दुधाळ फेस दिसतो, तेव्हा हेल्परचा चेहरा पाहण्यासारखा असतो. त्यानंतर चारही चाकं पुन्हा पहिल्यापासून.

स्कॅनर सगळीकडे नसतो. भामरागडकडच्या मेकॅनिकने काय करावं? पेडल आधी नीट कडक करून मोकळ्या मुरमाड जागेवर, माणूस-जनावर नाही असं बघून, कमी वेगात ब्रेक मारावा. मुरमावर चाक लगेच घसरतं, एबीएस आपणहून चालू होतं, व्हॉल्व्ह उघडतात. असं काही वेळा केलं की गाडी परत आणून हवा काढायची. कंपनीचे लोक याला नाक मुरडतील, आणि स्कॅनर असेल तर मीही हे करत नाही. पण दडलेली हवा तशीच ठेवून गाडी देण्यापेक्षा हे बरं.

अशा मुरमावर एबीएसची गाडी थोडी पुढेच जाऊन थांबते. त्यात बिघाड नाही. जाम झालेलं चाक मुरूम रेटून पुढे ढीग करतं, एबीएस तो ढीग होऊ देत नाही. बदल्यात स्टीअरिंग हातात राहतं. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला मी हे सांगतो, आणि हेही सांगतो की पेडल पायाखाली थरथरलं तर पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा. "हो हो, समजलं" म्हणतात सगळे. म्हणून किल्ली देण्याआधी मी शेजारच्या सीटवर बसतो, त्यांना गाडी अशाच मुरमाड जागेवर न्यायला लावतो आणि ब्रेक मारायला सांगतो. पहिल्या थरथरीला बहुतेकांचा पाय उचलला जातोच. मग परत एकदा.